स्वतःचा खासगी हिशेब गावासमोर ऑनलाइन उघडा करताना: तयारी, क्रम आणि खरेपणाचा पुरावा

गावाचा पैसा ज्यांच्या हातातून जातो, त्यांच्यापैकी काही जण संशयाला जागाच उरू नये म्हणून स्वतःच्या बँक खात्याचा, जमिनीचा आणि कर्जाचा तपशील आपणहून ऑनलाइन उघडा करू पाहतात. त्यात सरपंच असतात, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक असतात, ग्रामसभेच्या तेंदू-बांबूच्या रकमेचा हिशेब ठेवणारे असतात आणि कुणाच्या उपचारासाठी यूपीआयवर वर्गणी गोळा करणारे तरुणही असतात. हेतू चांगला असूनही बहुतेक वेळा तीन चुका होतात. पासबुकच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला जातो आणि तोच पुरावा समजला जातो. चार खात्यांपैकी एकच खाते दाखवले जाते आणि बाकीची आहेत की नाहीत याबद्दल काहीच लिहिले जात नाही. स्वतःची माहिती उघडी करताना मजुरांची, नातेवाइकांची आणि उसने पैसे नेणाऱ्या शेजाऱ्यांची नावेही सोबत उघडी पडतात.

खाली दिलेला क्रम या तीन चुका टाळण्यासाठी आहे. वाचणारा माणूस तीनच गोष्टी तपासतो: दाखवलेला कागद खरा आहे का, तो पूर्ण आहे का, आणि पुढच्या महिन्यांतही तो सलग मिळणार आहे का. या तिन्हींचा पुरावा वेगवेगळा असतो आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

## टप्पा 1: कारण आणि गरज ठरवा

कोणत्या प्रश्नाला उत्तर द्यायचे आहे, ते आधी एका वाक्यात लिहा. ‘कंपनीने खरेदी केलेल्या तुरीच्या व्यवहारात माझ्या खासगी खात्यात पैसा आलेला नाही’ असे वाक्य असेल, तर कोणती खाती आणि कोणते महिने दाखवायचे हे आपोआप ठरते. ‘मी प्रामाणिक आहे’ या वाक्यातून मात्र काहीच ठरत नाही, आणि माणूस नको तितके उघडे करत जातो.

सार्वजनिक पैसा अजूनही तुमच्या खासगी बचत खात्यातून फिरत असेल, तर पुढचे काहीही करण्याआधी संस्थेच्या किंवा समितीच्या नावाने दोन सह्यांचे वेगळे खाते उघडा. अनेकदा एवढे केल्यावर खासगी खाते दाखवण्याची गरजच उरत नाही.

इशारा. हा मार्ग ज्याने स्वतः निवडला, त्याच्यासाठीच आहे. महिला बचत गटाच्या सचिवाने गटाची वही, गटाचे पासबुक आणि बैठकीचे इतिवृत्त दाखवणे पुरेसे आहे. तिचा मोबाइल किंवा घरखर्चाचे खाते तपासायला मागण्याचा अधिकार कुणालाही नाही. ‘अमक्याने दाखवले, मग तुम्ही का नाही’ असा दबाव येत असेल, तर त्या दबावाखाली काहीही उघडे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

## टप्पा 2: घरच्यांची संमती घ्या

तुमच्या स्टेटमेंटमध्ये घरातील इतरांचेही आयुष्य नोंदलेले असते. पत्नीसोबतचे संयुक्त खाते, भावांसोबतचा सामाईक सातबारा, मुलीच्या वसतिगृहाची फी, आईच्या औषधांचे बिल हे सगळे त्यात दिसते. प्रत्येक प्रौढ व्यक्तीला नेमकी कोणती पाने लोकांसमोर जाणार आहेत ते दाखवा आणि तिची संमती लेखी घ्या. संयुक्त खात्याच्या दुसऱ्या धारकाने नकार दिला, तर ते खाते उघडे करू नका. ‘असे एक खाते आहे, दुसऱ्या धारकाची संमती नसल्यामुळे ते दाखवलेले नाही’ एवढे मात्र लिहा.

याच वेळी कायद्याची एक बाजू घरात समजावून सांगा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 मध्ये अशी तरतूद आहे की, व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीला तो अधिनियम लागू होत नाही. म्हणजे आज तुम्ही सातबारा आणि स्टेटमेंट सर्वांसाठी खुले केले आणि उद्या एखाद्या कंपनीने ते उचलून वापरले, तर ‘माझी संमती नव्हती’ ही तक्रार या अधिनियमाखाली टिकणे कठीण आहे. फाइल नंतर काढून टाकता येते, परंतु लोकांनी घेतलेल्या प्रती परत घेता येत नाहीत. हे ऐकून घरातले कुणी मागे हटले, तर तो निर्णयही मान्य करावा.

## टप्पा 3: उघडण्याआधी कुलपे लावा

हा टप्पा सगळ्यांत जास्त वगळला जातो. केवळ खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड कळल्याने कुणी तुमचे पैसे काढू शकत नाही, हे खरे आहे. धोका वेगळ्या वाटेने येतो. तुमच्या खात्यात नेमक्या कोणत्या तारखेला सोयाबीनचे किती रुपये जमा झाले, हे माहीत असलेला भामटा ‘बँकेतून बोलतो’ असे सांगतो, तीच रक्कम अचूक उच्चारतो आणि त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसतो. म्हणून पहिली फाइल टाकण्यापूर्वी पुढील कामे पूर्ण करावीत.

आधारच्या अधिकृत अॅपमधून किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआय या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक कुलूप लावा. गावात अंगठा लावून पैसे काढण्याची सोय सर्रास वापरली जाते, आणि कुलूप लावल्यावर तो अंगठा चालत नाही. बँक मित्राकडून पैसे काढायचे असतील तेव्हा कुलूप तात्पुरते उघडावे लागेल, हे घरातल्या वृद्धांना आधीच सांगून ठेवा. बँकेच्या अॅपमध्ये यूपीआय आणि एटीएमची दैनिक मर्यादा कमी करा. बँकेला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि गावात सर्वांना दिलेला क्रमांक वेगवेगळे ठेवता आले तर उत्तम. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा. फसवणूक झाल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ तक्रार करायची असते, आणि हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

माहिती नेहमी किमान दोन महिने उशिराने प्रसिद्ध करा. कापूस विकल्याच्या आठवड्यात हातात किती रोकड आहे, हे त्याच आठवड्यात जाहीर करणे म्हणजे चोराला निमंत्रण आहे. दोन महिन्यांच्या उशिराने पारदर्शकतेचे काहीच बिघडत नाही. त्याच कारणाने ‘मी आता कुठे आहे’ हे थेट दाखवणारी लोकेशनची सोय या कामासाठी वापरू नका, आणि एकट्या राहणाऱ्या किंवा एकट्याने प्रवास करणाऱ्या महिलेने तर मुळीच वापरू नये.

तपासणी. बायोमेट्रिक कुलूप लागले का, मर्यादा कमी झाल्या का, घरच्यांना 1930 माहीत आहे का? यातील एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा 4: मर्यादापत्र जाहीर करा

कागद गोळा करण्याआधी आणि त्यांच्याकडे नीट पाहण्याआधीच, काय दाखवणार आणि काय दाखवणार नाही हे लेखी जाहीर करा. क्रम उलटा झाला, तर गैरसोयीचे महिने वगळून उरलेलेच दाखवले असा संशय राहतो आणि त्याला उत्तर देता येत नाही. मर्यादापत्राचा मजकूर साधारण असा असावा:

‘मी 1 एप्रिल ते 31 मार्च या पूर्ण आर्थिक वर्षातील माझ्या नावावरील सर्व बँक खात्यांच्या नोंदी, माझ्या नावावरील शेतजमीन आणि माझ्यावरील कर्जे प्रसिद्ध करीन. रकमा व तारखा झाकणार नाही. इतर व्यक्तींची नावे, मोबाइल क्रमांक, माझा आधार क्रमांक आणि पॅन पूर्ण झाकीन. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक सोडून बाकीचे अंक झाकीन. आरोग्य आणि मुलांच्या शिक्षणाविषयीचे कागद दाखवणार नाही. संयुक्त खाते एक आहे. ते संमतीअभावी वगळले आहे. दर तीन महिन्यांनी 10 तारखेला, दोन महिन्यांपूर्वीपर्यंतची माहिती प्रसिद्ध होईल. ही व्यवस्था माझ्या पदाची मुदत संपेपर्यंत राहील.’

कालावधी नेहमी सलग आणि पूर्ण घ्या, आणि शेवटची तारीख लिहायला विसरू नका. अमर्याद काळासाठी दिलेला शब्द पुढे मोडावा लागतो, आणि मग आधी दाखवलेल्या कागदांवरचाही विश्वास जातो.

मर्यादापत्रावर सही करून ते ग्रामपंचायतीच्या सूचना फलकावर लावा. शक्य असल्यास ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या सुमारास बहुतेक गावांत ग्रामसभा होतेच, त्यापैकी जवळची तारीख धरता येईल.

## टप्पा 5: मूळ कागद मिळवा

स्क्रीनशॉट हा पुरावा नाही. ‘पेमेंट यशस्वी’ असे खोटे चित्र तयार करणारी अॅप सहज मिळतात, आणि पासबुकच्या फोटोतील आकडा मोबाइलवरच बदलता येतो. म्हणून प्रत्येक कागद तो देणाऱ्या संस्थेकडूनच, आणि तपासता येईल अशा रूपात घ्यावा.

बँकेचे स्टेटमेंट नेटबँकिंगमधून पीडीएफ स्वरूपात उतरवा. काही बँकांच्या पीडीएफवर डिजिटल स्वाक्षरी असते. मोबाइलवरील बहुतेक अॅप ती तपासून दाखवत नाहीत, त्यामुळे सेतू केंद्रातील संगणकावर फाइल उघडून स्वाक्षरी वैध दिसते का ते पाहा. पीडीएफचा पासवर्ड अनेकदा जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांकाचे काही अंक जोडून केलेला असतो, त्यामुळे फाइलसोबत पासवर्ड जाहीर करणे म्हणजे या दोन्ही गोष्टी जाहीर करणे होय. नेटबँकिंग नसलेल्या बँकेत किंवा पतसंस्थेत शाखेतून छापील खातेउतारा, शिक्का आणि अधिकाऱ्याची सही घ्या. केवळ पासबुक भरून आणणे पुरत नाही, कारण बरेच दिवस पासबुक न भरल्यास अनेक बँका मधल्या नोंदी एकत्र करून एकच बेरीज छापतात.

सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा घ्यावा. विनामूल्य दिसणारा सातबारा फक्त पाहण्यासाठी असतो. स्वाक्षरीच्या उताऱ्यावरील क्यूआर कोड कुणीही आपल्या मोबाइलने तपासू शकतो, म्हणून तो प्रसिद्ध करताना कोड झाकू नका. सातबाऱ्यासोबत आठ-अ घ्या, कारण एका गावातील तुमच्या खात्यावरचे सर्व गट त्यात एकत्र दिसतात.

## टप्पा 6: पूर्णता सिद्ध करा

इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. दाखवलेले खाते खरे असले, तरी न दाखवलेले खाते नाही हे त्यातून सिद्ध होत नाही. ‘नाही’ असे पूर्णपणे सिद्ध करता येत नसते. परंतु चार वेगवेगळ्या बाजूंनी एकच चित्र येत असेल, तर लपवायला जागा फार कमी उरते.

पहिली बाजू, प्राप्तिकर. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण मिळते. तुमच्या पॅनशी जोडलेल्या खात्यांचे व्याज, मुदत ठेवी आणि मोठे व्यवहार त्यात बँकांनी कळवलेले असतात. या विवरणात ज्या बँकेचे व्याज दिसते, ती प्रत्येक बँक तुमच्या यादीत असलीच पाहिजे. गावातल्या पतसंस्थेतील ठेव मात्र त्यात दिसेलच असे नाही, त्यामुळे ती स्वतःहून लिहा.

दुसरी बाजू, सरकारी अनुदान. पीएम-किसान योजनेचे वर्षाला 6,000 रुपये 2,000 च्या तीन हप्त्यांत येतात. पात्र शेतकऱ्याच्या दाखवलेल्या एकाही खात्यात हे हप्ते नसतील, तर ते कुठेतरी दुसरीकडे जमा होत आहेत, हे कुणीही लगेच विचारेल. आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर पाहता येते. विसरलेले जुने जनधन खाते बहुधा इथेच सापडते, आणि ते लोकांनी शोधण्यापेक्षा तुम्ही आधी शोधलेले बरे.

तिसरी बाजू, कर्ज. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. मायक्रोफायनान्सचे कर्ज तपासायचे असेल तर किमान दोन कंपन्यांचे अहवाल काढा. सेवा सहकारी सोसायटीचे पीककर्ज, सावकाराचे पैसे आणि हातउसने यांचा या अहवालांवरून अंदाज येईलच असे नाही. सोसायटीचे कर्ज सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील बोज्याशी ताडून पाहा. बोजा दिसतो पण कर्ज यादीत नाही, किंवा कर्ज फिटले पण बोजा तसाच आहे, अशी विसंगती असेल तर तिचे कारण सोबत लिहा.

चौथी बाजू, मोबाइल आणि यूपीआय. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसते. प्रत्येक क्रमांकावर यूपीआय आहे का आणि त्याला कोणती बँक जोडलेली आहे, याची यादी करा. ही यादी प्रसिद्ध करायची नाही, टप्पा 9 मध्ये पडताळणी करणाऱ्या पंचांना फक्त दाखवायची आहे.

जमिनीबाबत एक फसगत नेहमी होते. आठ-अ फक्त त्या एका गावापुरता असतो. वाडवडिलांची जमीन यवतमाळ जिल्ह्यात आणि सासरकडून आलेली वर्धा जिल्ह्यात असेल, तर दोन्ही गावांचे उतारे लागतील. मक्त्याने किंवा बटईने केलेली जमीन सातबाऱ्यावर तुमच्या नावाने दिसत नाही, पण तिचे उत्पन्न खात्यात येते. ते वेगळे लिहिले नाही, तर तीन एकरांच्या मालकाकडे बारा एकरांची तूर कशी, हा प्रश्न उभा राहतो आणि तो रास्तही असतो.

आता रोखीचा भाग. विदर्भातल्या खेड्यात बँकेचे स्टेटमेंट अर्धीच गोष्ट सांगते. सोयाबीनचा काही भाग गावातल्याच व्यापाऱ्याला रोखीने जातो, आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी रोख दिली जाते, भिशीचा हप्ताही रोखच असतो. म्हणून मर्यादापत्राच्या पहिल्या दिवसापासून रोख वही ठेवा: तारीख, आलेली रक्कम, गेलेली रक्कम, कारण आणि शिल्लक. बाजार समितीची हिशेबपट्टी आणि काटापट्टी वहीला जोडा. मागच्या वर्षाची रोख वही आता आठवून लिहू नका. नसेल तर ‘या काळातील रोख व्यवहारांची नोंद नाही’ असे सरळ लिहावे. मागाहून तयार केलेली, एकाच शाईत आणि एकाच अक्षरात लिहिलेली वही लोकांना लगेच ओळखू येते.

स्टेटमेंटसोबत मोठ्या नोंदींचे स्पष्टीकरणही लागते. समजा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कर्जाचे नवे-जुने करण्यासाठी तुम्ही नातेवाइकाकडून 1,50,000 रुपये घेतले, पीककर्ज भरले, एप्रिलमध्ये नवे कर्ज उचलले आणि नातेवाइकाचे पैसे परत केले. स्पष्टीकरणाशिवाय पाहणाऱ्याला एवढेच दिसते की, सरपंचाच्या खात्यात मार्चमध्ये दीड लाख आले आणि महिनाभरात गेले. दोन ओळींचे स्पष्टीकरण आणि कर्जखात्याचा उतारा शेजारी ठेवला, तर हाच व्यवहार गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ओळखीचा वाटेल.

तपासणी. चारही बाजूंची यादी एका कागदावर मांडा. एका बाजूला दिसणारे प्रत्येक खाते किंवा कर्ज मुख्य यादीत आहे का? नसल्यास ते जोडा किंवा का जोडले नाही ते लिहा.

## टप्पा 7: झाकण्याआधी फाइलची खूण काढा

डिजिटल स्वाक्षरी असलेल्या पीडीएफमध्ये एक नाव जरी झाकले, तरी ती स्वाक्षरी मोडते. त्यामुळे लोकांना दाखवायची झाकलेली प्रत स्वतःचा खरेपणा स्वतः सिद्ध करू शकत नाही. यावर उपाय म्हणजे मूळ फाइल न बदलता जपून ठेवायची आणि तिची खूण, म्हणजे हॅश, आधी जाहीर करायची.

हॅश म्हणजे फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेली अक्षरांची आणि अंकांची ओळ. एसएचए-256 या पद्धतीत ती 64 वर्णांची येते. फाइलमध्ये एक अंक बदलला तरी पूर्ण ओळ बदलते, आणि ओळीवरून मूळ मजकूर मात्र काढता येत नाही. विंडोज संगणकात ‘पॉवरशेल’ उघडून ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा रोमन अक्षरांत, फाइलच्या नावासह दिली की ती ओळ मिळते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावी लागते, त्यामुळे पुढे वाद न्यायालयात गेला तरी ही सवय उपयोगी पडते.

प्रत्येक मूळ फाइलची ओळ छापून, तारीख आणि सही करून सूचना फलकावर लावा. छापील उताऱ्यांसाठी आधी ते स्कॅन करा आणि स्कॅनची खूण काढा.

इशारा. नुसत्या मोबाइल क्रमांकाची किंवा आधार क्रमांकाची हॅश ‘सुरक्षित’ म्हणून जाहीर करू नका. दहा-बारा अंकांचे सगळे पर्याय संगणक तपासू शकतो आणि क्रमांक उघडा पडतो.

## टप्पा 8: इतरांची माहिती झाका

यूपीआयच्या नोंदीत समोरच्याचा यूपीआय आयडी छापलेला असतो आणि पुष्कळदा तो त्याचा मोबाइल क्रमांकच असतो. हा तपशील झाकल्याशिवाय एकही पान बाहेर जाऊ नये.

मोबाइलवरील रंगाच्या पेनाने फासलेला काळा पट्टा अनेकदा अर्धपारदर्शक असतो आणि फोटोचा उजेड वाढवला की खालचे अक्षर दिसते. पीडीएफवर ठेवलेल्या काळ्या चौकोनाखालचा मजकूर तसाच राहतो आणि कॉपी करता येतो. सगळ्यांत भरवशाची रीत साधी आहे: पान छापा, नावांवर जाड कागदाच्या पट्ट्या चिकटवा, त्याची झेरॉक्स काढा आणि झेरॉक्स स्कॅन करा. सर्व पट्ट्या सारख्याच लांबीच्या ठेवा, म्हणजे नावाच्या लांबीवरून अंदाज बांधता येणार नाही.

झाकलेल्या प्रत्येक नावाच्या जागी खूण द्या: ‘मजूर 1’, ‘नातेवाईक 2’, ‘दुकान 3’. एका व्यक्तीला सर्वत्र एकच खूण हवी. खुणांची यादी हाताने लिहून बंद पाकिटात ठेवा आणि ती कधीही ऑनलाइन ठेवू नका.

रकमा झाकण्याचा प्रयत्न करू नका. रक्कम झाकली आणि शेजारची शिल्लक उघडी राहिली, तर वजाबाकी करून ती कुणालाही काढता येते, आणि वर काहीतरी दडवल्याचा ठपका येतो.

लहान गावात नाव झाकूनही माणूस ओळखू येतो. दर शनिवारी ठराविक रक्कम घेणारा ‘मजूर 1’ कोण, हे अख्ख्या वस्तीला माहीत असते. अशा व्यक्तीला प्रसिद्धीपूर्वी भेटून पान दाखवा. अडचणीत असताना तुमच्याकडून उसने पैसे नेलेल्या शेजाऱ्याच्या बाबतीत तर हे टाळूच नये. त्याची गरज तुमच्या पारदर्शकतेचा भाग नाही. त्याने नको म्हटले, तर ती नोंद ‘खासगी, पंचांनी पाहिली’ एवढ्याच खुणेने दाखवा.

## टप्पा 9: पंचांकडून पडताळणी

तीन पंच निवडा. एक तुमच्या विरोधी गटातला असावा, एक बँकेचे किंवा संगणकाचे काम समजणारा असावा, आणि तिघांपैकी कुणीही नात्यातला नसावा. किमान एक महिला असावी. विरोधकाला बोलावणे अनेकांना जड जाते, परंतु फक्त आपल्याच माणसांनी केलेल्या पडताळणीचा गावात काही उपयोग होत नाही.

एकाच बैठकीत, तुमच्याच मोबाइलवर किंवा संगणकावर, तुम्ही स्वतः लॉगिन करून तेच स्टेटमेंट पंचांसमोर नव्याने उतरवा. ओटीपी आणि पासवर्ड टाकताना पडदा त्यांच्याकडून वळवा. दूरून स्क्रीन दाखवणारे कोणतेही अॅप वापरू नका. नव्याने उतरवलेल्या फाइलची हॅश जुन्या फाइलशी जुळेलच असे नाही, कारण त्यात उतरवल्याची वेळ छापलेली असते. म्हणून पंचांनी नोंदी आणि शिल्लक ताडून पाहाव्यात. हॅश मात्र तुमच्याकडच्या मूळ फाइलची काढून फलकावरच्या ओळीशी जुळवावी. त्यानंतर त्यांनी मूळ पाने झाकलेल्या प्रतीशी, आणि खुणांची यादी पाकीट उघडून, तपासावी. प्रती किंवा फोटो त्यांनी नेऊ नयेत.

पंचांचा अहवाल नेमका असावा. ‘सर्व काही योग्य आढळले’ हे वाक्य निरुपयोगी आहे. असे लिहावे: ‘आम्ही दोन बचत खात्यांचे एप्रिल ते जूनचे मूळ उतारे पाहिले. झाकलेल्या प्रतीतील प्रत्येक रक्कम व तारीख मुळाशी जुळते. वार्षिक माहिती विवरणात तिसरी बँक दिसत नाही. संयुक्त खाते आम्ही पाहिलेले नाही. रोख वहीची खातरजमा आम्ही करू शकलो नाही.’ पंचांनी काय पाहिले नाही, तेही लोकांना कळले पाहिजे.

## टप्पा 10: प्रसिद्धी

फाइल ऑनलाइन साठवणीच्या जागी ठेवा आणि दुवा ‘फक्त पाहण्यासाठी’ आहे का ते दुसऱ्याच्या मोबाइलवरून तपासा. संपादनाचा अधिकार खुला राहिला, तर कुणीही फाइल बदलू शकतो. फाइलच्या नावात खाते क्रमांक किंवा जन्मतारीख येऊ देऊ नका. कॅमेऱ्याने पाने टिपली असतील, तर फोटोसोबत ठिकाणाची नोंद जाऊ नये म्हणून लोकेशन बंद करूनच टिपा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुवा आणि मर्यादापत्र एवढेच पाठवा, सुटी पाने पाठवू नका. एकटे पान फिरू लागले की त्याचा संदर्भ सुटतो.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी एक छापील संच ग्रामपंचायतीत ठेवावा.

## टप्पा 11: प्रश्न, दुरुस्ती आणि समाप्ती

प्रश्न लेखी घ्या आणि ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. मर्यादापत्राबाहेरचा प्रश्न आला, तर ते पत्र दाखवून शांतपणे नकार द्या. वादाच्या भरात, पंधरा जणांसमोर मोबाइल काढून ‘हे घ्या, पाहा सगळं’ असे करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या एका क्षणात टप्पा 2 आणि 8 मध्ये इतरांना दिलेला शब्द मोडतो. मर्यादा वाढवायचीच असेल, तर पुढच्या तिमाहीपासून, नवे मर्यादापत्र काढून वाढवा.

चूक आढळल्यास जुनी फाइल बदलू नका. ती तशीच ठेवून ‘दुरुस्ती 1’ या नावाने नवी फाइल, तिची हॅश आणि चुकीचे कारण द्या. ठरलेली 10 तारीख हुकणार असेल, तर आदल्या दिवशीच फलकावर कारण लावा. बँकेतून उतारा मिळाला नाही, घरात आजारपण आहे, असे कोणतेही खरे कारण चालते. काहीच न लिहिता गेलेली तारीख चालत नाही.

मुदत संपल्यावर शेवटचा संच प्रसिद्ध करा, त्यावर ‘यापुढे माहिती प्रसिद्ध होणार नाही’ असे लिहा आणि तीन महिन्यांनी ऑनलाइन दुवे बंद करा. मूळ फाइली, रोख वही, पंचांचे अहवाल आणि खुणांचे पाकीट मात्र किमान आठ वर्षे सांभाळून ठेवा. जुन्या व्यवहाराविषयी नंतर चौकशी झाली, तर फलकावर लावलेली हॅश ज्या फाइलशी जुळवायची, ती मूळ फाइल तुमच्याकडे असणे आवश्यक आहे. पेन ड्राइव्ह एकच ठेवू नका, दोन ठेवा, आणि दुसरा घराबाहेर, एखाद्या पंचाकडे मोहोरबंद पाकिटात द्या.